शेजारच्या छोट्या चर्चमधली रविवारची उपासना : पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

मलप्रभाकाठची

मी मूळची खानापूर तालुक्यातली, लग्नानंतर बेळगावात. आमच्या गल्लीच्या मागच्या अंगाला एक लहान मराठी चर्च आहे. कॅम्पातल्या उंच दगडी चर्चांसारखं नव्हे. कौलारू, पुढं चिक्कूचं झाड, आत साठ-सत्तर माणसं दाटीवाटीनं बसतील एवढं. रविवारी सकाळी दूध आणायला जाताना पेटीचे सूर कानावर पडायचे. आत जायचा योग आला तो शेजारच्या मावशींमुळे. मावशी निवृत्त नर्स. त्यांच्या नातवाचं मोठं ऑपरेशन सुखरूप पार पडलं, म्हणून रविवारच्या उपासनेत त्यांनी उपकारस्तुती ठेवली होती. "सगळी येऊन जावा, सासूबाईंनाबी घेऊन या," असं घरी येऊन सांगितलं.

जायच्या आधी मी नेटवर बरंच शोधलं. मराठीत काही मिळालं नाही, आणि इंग्रजीत जे आहे ते परदेशातल्या मोठ्या चर्चांविषयी. आपल्या सीमाभागातल्या लहानशा मराठी मंडळीत नवखा माणूस गेला तर काय करायचं, कुठं बसायचं, हे कुणीतरी लिहून ठेवायला हवं असं मनापासून वाटलं. म्हणून हा धागा.

सगळ्यात आधी हे सांगते की लहान चर्चमध्ये मागच्या बाकावर गुपचूप बसून बघून येणं होत नाही. तिथं प्रत्येक जण प्रत्येकाला ओळखतो. दारातच एका वयस्कर गृहस्थांनी "सलाम" केला, नाव विचारलं, कोणाकडून आलात विचारलं. मावशींचं नाव सांगितल्यावर त्यांचा चेहरा एकदम मोकळा झाला. चपला बाहेर काढल्या. डाव्या हाताला बायका, उजवीकडे पुरुष. प्रार्थनेच्या वेळी बायका डोक्यावर पदर घेतात. सासूबाईंचा पदर कायम डोक्यावरच असतो, त्यामुळे त्या माझ्याआधीच तिथल्या होऊन गेल्या.

उपासनेचा क्रम साधारण असा होता : सुरुवातीची प्रार्थना, गीत, मग स्तोत्रसंहितेतलं एक स्तोत्र, ज्यात एक ओळ पाळक (चर्चचे धर्मगुरू) वाचतात आणि पुढची सगळी मंडळी मिळून म्हणते. त्यानंतर पापांची कबुली, जुन्या आणि नव्या करारातली वाचनं, सगळ्यांनी उभं राहून म्हणायचा मतांगीकार (आपण काय मानतो याची कबुली), दानार्पण, संदेश आणि शेवटी आशीर्वाद. संदेश लूककृत शुभवर्तमानाच्या सतराव्या अध्यायावर होता. येशूनं दहा कुष्ठरोग्यांना बरं केलं आणि त्यांतला एकच आभार मानायला परत आला, तोही परका, शोमरोनी. उपकारस्तुतीच्या दिवशी याहून नेमका उतारा कोणता असणार!

पण माझं मन सगळ्यात गुंतलं ते मधल्या एका लांब प्रार्थनेत. तिला मध्यस्थीची प्रार्थना म्हणतात असं मावशींनी नंतर सांगितलं. पाळकांनी आधी विचारलं, कुणासाठी प्रार्थना करायची? लोक बसल्या जागेवरून सांगू लागले. अमक्याचं डायलिसिस चालू आहे. तमकीच्या मुलाची बारावीची परीक्षा. एकाच्या भावाचं भात पावसानं आडवं झालंय. एक बाई उठून म्हणाल्या, "आमच्या मागच्या घरातल्या आजी पडल्या, खुब्याचं हाड मोडलंय." त्या आजी म्हणजे आमच्या गल्लीतल्या, देवळात रोज काकडआरतीला जाणाऱ्या. त्यांचं नाव तिथं घेतलं गेलं आणि सगळ्या मंडळीनं डोळे मिटून त्यांच्यासाठी प्रार्थना केली. आजींना हे कधी कळलंही नसेल. आपल्या गल्लीतल्या माणसांची दुखणीखुपणी दर रविवारी, नावं घेऊन, कुणीतरी देवापुढं ठेवतंय, हे मला इतकी वर्षं शेजारी राहून माहीत नव्हतं. तेव्हापासून त्या इमारतीकडं बघायची माझी नजरच बदलली.

दुसरं गाण्याचं. सासूबाई माळकरी आहेत, दरवर्षी पंढरीची वारी. त्या आल्या खऱ्या, पण थोड्या अवघडून बसल्या होत्या. एक गीत सुरू झालं ते थेट अभंगाच्या छंदात, पेटी-तबला-झांजांवर. दुसऱ्या कडव्याला सासूबाईंनी चाल उचलली. शब्द पुस्तकात बघून, चष्मा पुढं-मागं करत, शेवटपर्यंत म्हणाल्या.

आता प्रश्न :
प्रभुभोजन (येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षारस घ्यायचा विधी) असतं त्या दिवशी आमच्यासारख्यांनी काय करावं? दानाची पिशवी समोर आली की टाकायलाच हवं का? कुंकू-मंगळसूत्र घालून गेलेलं चालतं ना (मी गेले, कुणी काही म्हणालं नाही)? आणि कुणाची ओळख नसताना एखाद्याला जावंसं वाटलं तर?

कॅम्पाकडचा

ताई, फार मायेनं लिहिलंय. मी जन्मानं मेथडिस्ट (प्रोटेस्टंटांतला एक पंथ), आमची चौथी पिढी बेळगावात. प्रश्नांची उत्तरं देतो.

प्रभुभोजन बहुतेक मराठी प्रोटेस्टंट मंडळ्यांत महिन्याच्या पहिल्या रविवारी असतं. बाप्तिस्मा झालेल्यांनी पुढं जायचं, बाकीच्यांनी आपल्या जागी बसून राहायचं. त्यात काही कमीपणा नाही. आमची लहान मुलंही तशीच बसून असतात. मेथडिस्टांकडे द्राक्षारस न आंबवलेला असतो, म्हणजे द्राक्षाचा साधा रस. हे मुद्दाम सांगतो, कारण चर्चमध्ये दारू देतात असा समज इथं अजून ऐकू येतो.

दान ऐच्छिक. सभासद आपलं मासिक दान किंवा दशमांश पाकिटातून देतात. पाहुण्यानं पिशवी पुढच्याकडं सरकवली तरी चालतं. कुंकू, मंगळसूत्र, माळ, जे घालता ते घालून या.

थोडा इतिहास. बेळगावात हे काम 1820 साली सुरू झालं. लंडन मिशनरी सोसायटीचे जोसेफ टेलर इथं आले तेव्हा पेशवाई संपून जेमतेम दोन वर्षं झाली होती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्या सोसायटीनं इथलं काम अमेरिकन मेथडिस्टांकडं सोपवलं. म्हणून बेळगावात जुन्या ख्रिस्ती घरांत मेथडिस्ट जास्त दिसतात, तर कोल्हापूर-मिरजेकडे प्रेसबिटेरियन, तोही प्रोटेस्टंटांतलाच पंथ. तिकडचं मिशन 1852 चं, पुढं ते अमेरिकन प्रेसबिटेरियनांकडं आलं. ती मंडळी पुढं 1970 साली चर्च ऑफ नॉर्थ इंडियात (अनेक प्रोटेस्टंट पंथ एकत्र येऊन झालेल्या चर्चमध्ये) आली. उपासना साधारण सारखीच, पाळकांचा झगा आणि छापील क्रम थोडा वेगळा.

निपाणीचा_तंबाखूवाला

माझा एक मित्र ख्रिस्ती आहे, त्याच्या मुलीच्या बाप्तिस्म्याला बोलावलंय. जायची इच्छा आहे. पण घरी वडील म्हणतात, हल्ली दिवस बरे नाहीत, उगाच कुणी फोटो काढून काहीबाही पसरवेल, धर्म बदलायला गेला म्हणतील. कायद्याची काही अडचण आहे का? मनापासून विचारतोय.

कोर्टगल्ली

कायद्यापुरतं बोलतो. कर्नाटकाचा धर्मस्वातंत्र्य हक्क संरक्षण कायदा 2022 चा. त्यात धर्मांतर करू इच्छिणाऱ्यानं आणि ते घडवून आणणाऱ्यानं तीस दिवस आधी जिल्हाधिकाऱ्यांना कळवायचं, अशी तरतूद होती. बळजबरी, फसवणूक, आमिष यांनी घडवलेल्या धर्मांतराला तीन ते पाच वर्षं शिक्षा, आणि व्यक्ती स्त्री, अल्पवयीन किंवा अनुसूचित जाती-जमातीची असेल तर दहा वर्षांपर्यंत. 2023 च्या जूनमध्ये राज्य मंत्रिमंडळानं तो कायदा रद्द करण्याचा निर्णय घेतला. तुमच्या प्रश्नाशी या सगळ्याचा संबंध नाही. मित्राच्या मुलीच्या बाप्तिस्म्याला पाहुणा म्हणून हजर राहणं, उपासनेत बसणं, गीत म्हणणं, चहा पिणं हे धर्मांतर नव्हे, आणि कुठल्याही कायद्यात तो गुन्हा नाही. घटनेच्या 25 व्या कलमानं सगळ्यांना श्रद्धेचं स्वातंत्र्य दिलंय.

वडिलांना सोबत घेऊन जा. घरचं मोठं माणूस बरोबर असलं की बोलणाऱ्यांची तोंडं आपोआप बंद होतात.

चिक्कूच्या_झाडाखाली

हा धागा वाचून पहिल्यांदाच सदस्य झाले. मी अशाच एका छोट्या मंडळीतली. (ताई, कदाचित तुमच्याच गल्लीमागची, पण नाव लिहायला नको.) आमच्या बाजूनं काय वाटतं ते कुणी विचारत नाही, म्हणून लिहिते.

2021 च्या डिसेंबरात इथंच, सुवर्ण विधानसौधमध्ये, ते धर्मांतराचं विधेयक विधानसभेत मंजूर झालं. त्या हिवाळ्यात आमच्यासारख्या लहान मंडळ्या फार घाबरून होत्या. नाताळच्या तोंडावर घरोघरी जाऊन गीतं म्हणायची आमची जुनी पद्धत. त्या वर्षी पोरं फक्त आपल्या आपल्यात फिरली. कुणी भाड्याच्या खोलीत प्रार्थना घेत होते, त्यांना घरमालकांनी नको म्हणून सांगितलं. तेव्हा दारात अनोळखी चेहरा दिसला की गाणं चालू असतानाच आवाज खाली यायचा. दोन अनोळखी तरुण येऊन मागं बसले आणि मोबाईल वर धरला, तर आमचे म्हातारे पाळक संदेश देता देता अडखळायचे. ते तरुण कदाचित नुसते कुतूहलानं आले असतील. आम्हाला ते कळायचं कसं?

दारातल्या त्या गृहस्थांनी तुम्हाला "कोणाकडून आलात" विचारलं ना, त्यात ही सगळी भीती होती. आणि मावशींचं नाव ऐकून चेहरा मोकळा झाला, तेही त्यामुळेच. नवखा माणूस अवघडलेला असतो हे आम्हाला समजतं. आम्हीही तेवढेच अवघडलेले असतो, हे नवख्याला कुणी सांगत नाही.

म्हणून कुणाची ओळख नसताना यायचं असेल तर एवढंच करा : आदल्या दिवशी पाळकसाहेबांना भेटा नाहीतर फोन करा. चर्चच्या पाटीवर बहुतेक नंबर असतो. "मी अमुक, अमुक गल्लीत राहतो, उद्या उपासनेला बसावं वाटतं," एवढं पुरे. आणि फोटो, व्हिडिओ नकोच. मग तुम्हाला पहिल्या बाकावर नेऊन बसवतील आणि चहा घेतल्याशिवाय सोडणार नाहीत.

मलप्रभाकाठची

चिक्कूच्या झाडाखालच्या ताई, तुमचा प्रतिसाद वाचून डोळे भरले. त्या गृहस्थांच्या प्रश्नामागं हे असेल असं मनातही आलं नव्हतं. फोनचं सांगितलंत ते फार महत्त्वाचं. धाग्याच्या वरच्या भागात घालता येत असेल तर संपादकांना विनंती करते.

शहापूरचा_पेटीवाला

गाण्याविषयी. मराठी मंडळ्यांत जे गीतांचं पुस्तक असतं ते 'उपासना संगीत'. त्यातली कितीतरी गीतं ना. वा. टिळकांची. रेव्हरंड टिळक बेळगावचेच ना? त्यांच्या आधी कृष्णराव सांगळे होते, त्यांनी ख्रिस्ती कीर्तनाची वाट पाडली. टिळकांनी ओवी, अभंग, पद या आपल्या छंदांत आपल्या तालावर रचना केल्या, त्यामुळे वारकरी माणसाला ती चाल परकी वाटत नाही. मी स्वतः भजनी मंडळात पेटी वाजवतो. एका मित्राच्या लग्नात चर्चमध्ये ऐनवेळी मला पेटीवर बसवलं, आणि खरं सांगतो, भीमपलासीतलं एक गीत तर मला आधीच येतं असं वाटलं.

हुक्केरीचे_मास्तर

पेटीवाले, एक दुरुस्ती. टिळक बेळगावचे नव्हेत. त्यांचा जन्म 1861 चा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचा. बाप्तिस्मा 1895 साली मुंबईत. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडं आलो असं ते म्हणत, हे प्रसिद्धच आहे. ताईंच्या माळकरी सासूबाईंनी चाल का उचलली याचं उत्तर त्यातच आहे.

बेळगावचे ते बाबा पदमनजी. जन्म 1831, बेळगाव. शिक्षणाची सुरुवात इथल्याच मिशनच्या शाळेत. 1854 साली बाप्तिस्माही इथंच झाला. 1857 साली त्यांचं 'यमुनापर्यटन' प्रसिद्ध झालं. हिंदू विधवांच्या हालांवरचं ते पुस्तक मराठीतली पहिली कादंबरी मानलं जातं. मी इतकी वर्षं मराठी शिकवलं. सीमाभागातल्या मुलांना पहिल्या मराठी कादंबरीकाराचं जन्मगाव हेच आपलं गाव, हे सांगितलं की वर्गात चुळबुळ थांबायची. इथल्या मराठीवर इतका जीव टाकणाऱ्या आपल्या लोकांनी त्यांना अजून आपलं म्हणून नीट जवळ केलेलं नाही, याचं मला दुःख आहे. गल्लीमागच्या त्या कौलारू चर्चमध्ये जी मराठी बोलली जाते, तिला दोनशे वर्षांची परंपरा आहे.

शहापूरचा_पेटीवाला

मास्तर, धन्यवाद. पदमनजी बेळगावचे हे खरंच माहीत नव्हतं.

कागवाडहून

आमच्याकडं थोडं वेगळं. अथणी-कागवाड भागात माणूस आजारी पडला की आधी मिरज. वॉनलेस हॉस्पिटल 1894 पासूनचं. आमच्या आज्ज्यांच्या काळी गावातल्या कितीतरी ख्रिस्ती मुली तिथं नर्सिंग शिकल्या, कितीतरी घरातली माणसं तिथं वॉर्डबॉय म्हणून लागली. धाग्यातल्या मावशीही नर्स, हे वाचून नवल वाटलं नाही.

गावच्या चर्चमध्ये उपासना दोन भाषांत चालते. पाळक दोन वाक्यं मराठीत बोलतात, दोन कन्नडात. एक गीत मराठी, एक कन्नड. शास्त्रवाचन एकदा या भाषेत, एकदा त्या. पहिल्यांदा येणाऱ्याला वाटतं की वेळ फार लागतो. लागतोच. पण सासू मराठी, सून कन्नड, अशी घरं बाकाबाकावर बसलेली असतात. त्यांना वेगळं कसं करणार? दारात "या, बसा" आणि "बर्री, कूडरी" दोन्ही ऐकू येतं. बाहेर फलकांवरून काहीही वाद होवोत, आत त्यावरून कुणी उठून गेल्याचं मी पाहिलेलं नाही.

नगरहून_बदली

मी दुसऱ्या तऱ्हेचा नवखा. स्वतः ख्रिस्ती, नगरकडचा, नोकरीच्या बदलीनं बेळगावात. आमचं सगळं अमेरिकन मराठी मिशनच्या परंपरेतलं. इथं आलो तेव्हा मराठी उपासना कुठं आणि किती वाजता, हेच कळेना. मोठ्या चर्चमध्ये एकाच इमारतीत कन्नड, मराठी, इंग्रजी अशा वेगवेगळ्या वेळा असू शकतात. चुकून कन्नड उपासनेला जाऊन बसण्याची शक्यता असते, तेव्हा आधी चौकशी करा.

माझ्यासारख्यांसाठी : जुन्या मंडळीतून सभासदत्वाचा दाखला आणि पाळकांचं शिफारसपत्र घेऊन या. मुलांचा बाप्तिस्म्याचा दाखलाही. दृढीकरण (बाप्तिस्मा झालेल्यानं मोठेपणी श्रद्धेची कबुली देण्याचा विधी), लग्न, दफनभूमीत जागा, या सगळ्यासाठी पुढं हे कागद लागतात. लोक सगळं विसरतात आणि लग्न ठरल्यावर धावपळ करतात.

आणि मनाचं म्हणाल तर, गीतं तीच, चाली वेगळ्या. पहिल्या रविवारी मी नगरची चाल धरून मोठ्यानं गात होतो, शेजारचे आजोबा बेळगावची. दोघांनीही सोडली नाही. उपासना संपल्यावर ते म्हणाले, "पुढच्या रविवारी तुमची चाल म्हणू, शिकवा." तेव्हापासून मी तिथलाच.

गोव्याच्या_घाटावर

कॅथॉलिकांकडून थोडं. खानापूर तालुक्यात आणि बेळगावात आमची घरं बरीच, बहुतेकांची मुळं गोव्यात. बेळगाव धर्मप्रांत 1953 चा. मिस्सा, म्हणजे आमची उपासना, कोकणी, इंग्रजी, कन्नड, मराठी, जशी वस्ती तशी.

नवख्यानं लक्षात ठेवायचं : उभं राहणं, बसणं, गुडघे टेकणं हे वारंवार होतं. उभं राहताना सगळ्यांबरोबर उभं राहावं, गुडघे टेकायची वेळ आली तर शांत बसून राहिलं तरी चालतं. कम्युनियन (वर ज्याला प्रभुभोजन म्हटलंय ते) फक्त कॅथॉलिकांनी घ्यायचं, याबाबत आमच्याकडं नियम कडक आहे. कृपा करून ओळीत उभं राहून तो प्रसाद म्हणून हातात घेऊन घरी नेऊ नका. काही जण भक्तिभावानं तसं करतात, त्यांचा भाव खरा असतो, पण आमच्या श्रद्धेत ते प्रत्यक्ष ख्रिस्ताचं शरीर आहे, त्यामुळे फादरना फार वाईट वाटतं. मेणबत्ती लावायची असेल, मरिया माउलीच्या मूर्तीपुढं हात जोडायचे असतील, तर केव्हाही.

बैलहोंगल तालुक्यात देशनूर आहे. तिथं जेझुइट (कॅथॉलिकांतला एक संन्यासी संघ) फादरांनी लिंगायत विरक्त मठाच्या धाटणीवर आश्रम उभा केला. भगवी वस्त्रं, शाकाहार, जमिनीवर बैठक. तिथलं सगळं कन्नडात चालतं, पण पाहण्यासारखं आहे. आपल्या मातीतल्या रूपात उपासना कशी बसते ते तिथं दिसतं.

सडेतोड_खानापुरी

मला एक वेगळं मांडायचंय. कुणाच्याही श्रद्धेचा अनादर नाही. पण "जाऊन बघून या" असं आपण जितक्या सहज म्हणतो तितकं ते सोपं नसावं. ते लोकांच्या भक्तीचं ठिकाण आहे, बघायची जागा नव्हे. आपल्या देवळात कुणी कॅमेरा लटकवून, आरती चालू असताना इकडंतिकडं बघत फिरलं तर आपल्याला आवडेल? जायचं कारण हवं. शेजाऱ्याचं सुखदुःख हे कारण मला पटतं. नुसतं कुतूहल पटत नाही.

चिक्कूच्या_झाडाखाली

सडेतोड, तुमच्या भावनेचा आदर आहे. तरी थोडं वेगळं म्हणते. कुतूहलानं आलेला माणूस आम्हाला चालतो. आमचं दार त्यासाठीच उघडं असतं. प्रश्न विचारणारा तर आवडतोच. फक्त तो आमच्याबरोबर बसावा. एक तास-दीड तास आमच्याबरोबर उभा राहिला, पुस्तकात बोट ठेवून गीत शोधलं, शांत राहिला, की तो बघ्या राहत नाही. अर्ध्यातून उठून जायची वेळ आली तर गीत चालू असताना जावं. प्रार्थनेच्या मध्ये नको. एवढं सांभाळलं की झालं.

सडेतोड_खानापुरी

"आमच्याबरोबर बसावा", हे पटलं.

निपाणीचा_तंबाखूवाला

वडील यायला तयार झालेत! त्यांनीच विचारलंय, बाळाला काय न्यायचं? आणि शास्त्र उघडायला सांगितलं तर पान सापडायचं कसं?

कॅम्पाकडचा

आनंद झाला. बाळाला आपण बारशाला नेतो तसं काहीही, कपडे, चांदीचा वाळा, खेळणं. बाप्तिस्मा उपासनेच्या मध्येच होतो. आईवडील आणि धर्ममातापिता बाळाला घेऊन पुढं जातात, पाळक त्यांना प्रश्न विचारतात, ते उत्तरं देतात, मग तीनदा बाळाच्या डोक्यावर पाणी. (काही मंडळ्यांत लहान मुलांना बाप्तिस्मा देत नाहीत, मोठेपणी पूर्ण पाण्यात बुडवून देतात.)

पान सापडायचं असं : जुना करार 39 पुस्तकांचा, नवा 27 चा. पवित्र शास्त्र बरोबर मध्यावर उघडलं की बहुधा स्तोत्रसंहिता येते, त्यात 150 स्तोत्रं. मत्तय, मार्क, लूक, योहान ही चार शुभवर्तमानं नव्या कराराच्या सुरुवातीला. "मत्तय सहा, नऊ" म्हटलं की सहावा अध्याय, नववं वचन. तिथंच प्रभूची प्रार्थना आहे, ती सगळे तोंडपाठ म्हणतात. वडिलांना आधी वाचायला द्या. नाहीच सापडलं तर शेजारचा माणूस आपलं पुस्तक तुमच्यापुढं सरकवतोच.

मलप्रभाकाठची

सगळ्यांचे मनापासून आभार. आणखी एक विचारायचं होतं. मावशींनी सुगीनंतरच्या हंगामाच्या सणाला बोलावलंय, आणि येताना परसातलं काहीतरी आणा म्हणाल्यात. तिथं लिलाव असतो म्हणे? सासूबाईंनी आत्तापासूनच दुधीचा एक वेल त्यासाठी राखून ठेवलाय.

चिक्कूच्या_झाडाखाली

हो, असतो! ज्याच्या शेतात-परसात जे पिकलं त्याचा पहिला वाटा त्या दिवशी वेदीपुढं आणून ठेवतात. नवं भात, ऊस, नारळ, केळीचा घड, रताळी, अंडी, कधी जिवंत कोंबडाही. शेत नसलेले घरून करंज्या, लोणचं, शिवलेलं दुपटं आणतात. उपासना झाली की बाहेर मांडवात त्याचाच लिलाव. पैसा मंडळीच्या कामाला जातो. बोली बाजारभावापेक्षा वर जाते, कारण घेणारा देण्यासाठीच घेतो. पुष्कळदा जिंकलेली वस्तू तो परत लिलावात ठेवतो, आणि एकच नारळ पाच-सहा हातांतून फिरतो. पाहुण्यांनीही बोली लावायची, अवश्य लावायची. घरून पिशवी आणा, सुट्टे पैसे आणा, आणि लवकर या, मांडवात सावलीतल्या खुर्च्या पटकन भरतात. दुधी मात्र सासूबाईंनी स्वतः पुढं नेऊन ठेवावा. ज्यानं पिकवलं त्यानंच ठेवायचा असतो.